जावईबापूंनी उघडलेलं इंजिन

सासऱ्यांची गाडी सकाळी सुरू होताना खडखडायला लागली, तेव्हा जावयाला मनातून आनंदच झाला. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी या घरात त्याला साधी खुर्ची सरकवू देत नसत. "राहू द्या जावईबापू, तुम्ही बसा," की विषय संपला. मेव्हण्याला मात्र येता-जाता शिव्या, आणि शिडी धरायलाही त्यालाच हाक. जावयाला त्या शिव्यांचा अगदी हेवा वाटायचा.

"बाबा, इंजिनातल्या टायमिंग चेनला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्यात. मी घरीच बदलतो."

सासऱ्यांचा चेहरा पडला. मेव्हण्याने विचारलं असतं, तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? "तुमची मर्जी," ते म्हणाले आणि स्टूल घेऊन शेजारी बसले.

शनिवारभर इंजिन उघडत गेलं. जावयाने पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढलं आणि बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे म्हणून जिथला तिथेच खोचला. रविवारी सकाळी येऊन बघतो तर पुठ्ठा रिकामा! सगळे बोल्ट रॉकेलने धुऊन, लांबीप्रमाणे निवडून तीन डब्यांत भरलेले. सासऱ्यांची सारी हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. पसरलेला माल त्यांना बघवत नसे.

"जरा नीटनेटकं केलं," ते संकोचून म्हणाले.

"छान केलंत," जावई म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

मग एकेका भोकात बोल्ट घालून, बाहेर किती उरतो ते बघण्यात दुपार झाली. नव्या पट्ट्या बसल्या, चेनच्या खुणा जुळल्या, झाकण लागलं आणि डब्यात एक बोल्ट उरला.  जावयाने झाकण परत उघडलं, आतबाहेर सगळं तपासलं. एकही भोक रिकामं नव्हतं.

"मग हा आला कुठून?"

सासरे खाकरले. "मीच टाकला तो. माल देताना एक जादा द्यायची सवय आहे ना आमची."

"अहो, मघाशीच सांगायचं ना, बाबा!"

"तुम्ही इतकं मन लावून करत होता. जावयाला मध्येच टोकायचं कसं?"

झाकण पुन्हा बंद होईस्तोवर संध्याकाळ झाली. जावयाने खालच्या पुलीच्या बोल्टला पान्ना लावून इंजिन हाताने दोनदा फिरवून पाहिलं, समाधानाने मान डोलावली, गाडीत बसला आणि किल्लीला हात घातला.

"अरे ए गाढवा! थांब! पान्ना तसाच ठेवलास तिथं! डोळे फुटलेत का?"

सासूबाई दारातच थिजल्या. सासऱ्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "चुकलं, जावईबापू... तोंडातून निघून गेलं."

"चुकलं कसलं, बाबा! पान्ना गरकन फिरून कुणाचा तरी हात गेला असता," म्हणत जावयाने उतरून पान्ना काढला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

गाडी सुरू झाली. खडखडाटाचं नाव नाही. सासरे बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि मग जावयाकडे वळले.

"आता बघत काय राहिलायस? डबे उचल ते. आणि सीटला हात पुसू नकोस!"

"हो, बाबा!" जावई पळतच सुटला.

स्वयंपाकघरात बायको फणफणत उभी होती. "बाबा तुला गाढव म्हणाले?"

"दोनदा," जावई छाती फुगवून म्हणाला.

खरं तर ते एकदाच म्हणाले होते.