नांदूरघाटहून सरळ, तलवाड्यात उलटं

सन २०२४. मे महिना. अक्षय तृतीया होऊन आठवडा झाला होता आणि नांदूरघाटात सकाळीच पत्रे तापत होते. त्या दिवशी फोन वाजला आणि मी तो उचलला. माझी चूक एवढीच. बाकी सगळं त्यातून झालं.

फोन दुकानाचा होता. माझी सून अंजली पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. पाहुण्यारावळ्यांचे कॉम्प्युटर बिघडले की इथं बसूनच दुरुस्त करते. दोन्हीकडं एक प्रोग्राम असतो. तिकडच्या स्क्रीनवर नंबर येतो, तो इथं टाकायचा. मग तिकडची स्क्रीन इथं दिसते आणि इथला माऊस हलवला की तिकडचा बाण हलतो. मी रोज मागं खुर्ची टाकून बघतो. मला शाळा चौथीपर्यंत. पण डोळे आहेत. (चष्मा धरून.)

अंजली भावाच्या लग्नाला माहेरी, कडा गावी गेली होती. जाताना म्हणाली होती, "आबा, फोन आला तर सांगा, मी नाही." मी मान हलवली होती.

फोन तलवाड्याच्या त्रिंबकचा होता. त्रिंबक म्हणजे माझ्या बायकोच्या चुलत मावशीचा मुलगा. नातं लांबचं, पण माझ्या डोक्यावर त्याचा एक उपकार होता, आणि तो लांबचा नव्हता. तो रोज माझ्या पायात असायचा.

माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन बोळवणीच्या वेळी माझ्या चपला मंडपातून गेल्या. मे महिनाच होता. वधूपिता अनवाणी. सगळे बघत होते. तेव्हा या त्रिंबकनं स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि आपण तसाच तापल्या रस्त्यानं गेला. पुढं मी त्या कितीदा परत करू गेलो. तो घेईना. म्हणायचा, "राहू द्या दाजी. माझं काही काम पडलं आन् तुमी केलंत, की फिटलं म्हणीन आन् मीच घिऊन जाईन." तोवर प्रत्येक लग्नात भर पंगतीत विचारायचा, "काय दाजी, चटके बसत न्हाईत ना?"

वस्तू वाया घालवणारा मी नव्हे. त्या चपला मी वापरल्या. तळ बदलला, पट्टे बदलले, अंगठा बदलला. त्यात त्रिंबकचं आता नेमकं काय उरलं होतं, ते सांगता येणार नाही. पण उपकार तेवढा जसाच्या तसा होता.

तर फोनवर त्रिंबक ओरडत होता, "अंजली, बेटा, लई घात झाला! कॉम्प्युटर उलटा झाला!"

"अंजली न्हाई. मी हाय."

"दाजी? मग ऱ्हाऊ द्या."

हे 'ऱ्हाऊ द्या' मला लागलं. मी म्हणालो, "काम सांग."

काम असं होतं. त्याच्या मुलीची, वर्षाराणीची, अकरा वाजता नोकरीची मुलाखत होती. आधीच्या दोन पार पडल्या होत्या, ही शेवटची. मोबाईलवर चालणार नव्हती, कॉम्प्युटरवर काम करून दाखवायचं होतं. म्हणून त्रिंबकनं सकाळी उठून कौतुकानं की-बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला. पुसता पुसता स्क्रीन डोक्यावर उभी राहिली. अक्षरं खाली डोकं वर पाय. माऊस डावीकडं न्यावा तर बाण उजवीकडं.

"आता साडेधा झाले, मामा," वर्षाराणी म्हणाली. तिकडं फोन स्पीकरवर होता, तिचा आवाज रडवेला. (आत्याचा नवरा म्हणून मी मामा.) "वहिनीचा दुसरा फोन लागत न्हाई."

(लागणार कसा? वहिनी डीजेपुढं होती.)

"रडायचं न्हाई," मी म्हणालो. "नंबर सांग."

"मामा, नंबर पण उलटा दिसायलाय. सहा हाय का नऊ, कळंना."

"मान वाकडी कर."

"केली. आता कळंना की मी वाकडी हाय का नंबर."

तिनं सांगितला तसा टाकला. लागला नाही. सहाचे नऊ केले, नवाचे सहा केले. लागला नाही. शेवटी त्रिंबक टेबलावर पाठ टेकून, मान मागं सोडून उताणा पडला आणि आकडे मोठ्यानं वाचू लागला, पहाडावर अडकलेला माणूस ओरडतो तसा. नंबर लागला. माझ्या पुढ्यात तलवाड्याची स्क्रीन उघडली.

मी बघितलं. नीट बघितलं. चष्मा पुसून बघितलं.

"अरे, सरळ तर हाय!"

"उलटं हाय!" तिकडून दोघं.

"मला सरळ दिसायलंय."

"दाजी, कावून मस्करी करायलाव? पोरीच्या नोकरीचा सवाल हाय!"

"मस्करी मी कधी करत न्हाई. तूच अजून उताणा आसशील. उठून बघ."

"उठलो! उलटंच हाय!"

मी बाण हलवून बघितला. तिकडं वर्षाराणीनंही माऊस धरलेला. मी इकडं ओढतो, ती तिकडं ओढते. बाण मधे थरथरत राहिला. "माऊस सोड," मी दरडावलं. "सोडला मामा," ती म्हणाली, आणि लगेच त्रिंबक किंचाळला, "दाजी, त्यो एकटाच पळायलाय!"

घड्याळ माझ्या समोर होतं. मी त्याच्याकडं बघायचं सोडलं.

मग मला आठवलं. अंजली एकदा तीन बटणं एकदम दाबून स्क्रीन फिरवत होती. दोन मला ठाऊक होती, तिसरं बाणाचं. कोणता बाण, ते ठाऊक नव्हतं. मी दाबलं.

तलवाडा जागचा हलला नाही. माझीच स्क्रीन उलटी झाली.

"आता मला पण उलटं दिसायलंय," मी म्हणालो.

"आता बराबर!" त्रिंबक आनंदानं ओरडला. "आता पटलं ना दाजी?"

आता दोन गावं उलटी होती. वर्षाराणी रडायला लागली. पाव तासापूर्वी तिला एकच अडचण होती. आता मीही होतो.

तेवढ्यात बायको, रतनबाई, कुरडयांची परात घेऊन अंगणात निघाली होती. दारात थांबून तिनं माझ्याकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, "मग त्यो डबाच उलटा करा की. एका अंगानं वाळलं की आपण कुरडई उलथतोच ना."

मी फोनवर हुकूम सोडला, "त्रिंबक! डबा उलटा कर!" (कल्पना बायकोची. आवाज माझा.)

तिकडं धावपळ झाली. मॉनिटर डोक्यावर उभा केला. तो कलायला लागला. मागं तुरीचं पोतं लावलं, वरून त्रिंबकच्या खांद्यावरच्या गमजानं बांधला. मॉनिटरचे पाय छताकडं गेले. त्या पायावर छोटा कॅमेरा अडकवला.

"मामा! सरळ झालं! बाण पण सरळ चालायलाय!"

"मी म्हणलंच होतं," मी म्हणालो.

मुलाखत सुरू झाली. वर्षाराणी घाईत फोन बंद करायला विसरली. आणि मी प्रोग्राम बंद करायला गेलो, तर माझ्याकडं सगळं उलटं. वर न्यावं तर बाण खाली. एकदा नुसता हात लागला तर तिकडच्या साहेबाचं तोंड एका कोपऱ्यात गेलं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. शिंक आली, ती गिळली. नाकावर माशी बसली, बसू दिली. रतनबाई परात हातात धरून तशीच उभी राहिली. आम्ही दोघं एवढे गप्प लग्न लागतानाही नव्हतो.

पोरगी चांगली बोलत होती. काम करून दाखवलं. साहेब माना डोलवत होते. (खाली डोकं वर पाय असले तरी डोलवलेली मान कळते.) मग एका साहेबानं विचारलं, "घरून काम करताना मशीन बिघडलं तर काय करणार?"

"सर, आमचे मामा आहेत. ते नांदूरघाटहून बघतात."

माझा ऊर भरून आला. तोंडातून गेलं, "हाव, मी हाय!"

तिकडं सगळे दचकले. वर्षाराणीचं तोंड पांढरं पडलं. रतनबाईनं परात माझ्या डोक्यापर्यंत उचलली.

"मामा आत्ता पण लाईनवर आहेत का?" साहेबानं विचारलं. "मामा, काय झालं होतं मशीनला?"

"काही न्हाई," मी ताठ आवाजात म्हणालो. "सरळ हाय."

"सर, उलटं आहे," वर्षाराणी हळूच म्हणाली. आणि आता लपवण्यात अर्थ नाही असं वाटून तिनं कॅमेरा काढून फिरवला. डोक्यावर उभा मॉनिटर दिसला, तुरीचं पोतं दिसलं, गमजाची गाठ दिसली. गाठ धरून मागं दबा धरून बसलेला त्रिंबक दिसला. त्यानं साहेबांना रामराम घातला. रामरामासाठी दोन्ही हात लागतात. गाठ सुटली.

एवढंच मी बघितलं. मग धप्प आवाज आला, फोन तुटला आणि माझ्याकडची स्क्रीन काळी झाली.

संध्याकाळी अंजली आली. तिनं तीन बटणं दाबून आमची स्क्रीन सरळ केली. म्हणाली, "आबा, तिकडची उलटी झाली तरी इथं सरळच दिसते. त्यांना त्याच दोन बटणांबरोबर वरचा बाण दाबायला सांगायचा."

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

पुढचे दिवस वाईट गेले. तलवाड्याहून फोन नाही. एका पोरीची नोकरी माझ्या एका 'हाव'नं गेली असं धरून चाललो होतो. चपला घालताना पायाकडं बघवेना.

मग एका दुपारी त्रिंबक स्वतःच दारात उभा राहिला. हातात पेढे.

"लागली दाजी! साहेब लोकं हसून हसून बेजार. म्हणले, मॉनिटर पडला तरी पोरगी बोलायची थांबली न्हाई." मग तो गंभीर झाला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "दाजी, फिटलं."

मी मान हलवली. छाती फुगली होती, पण दाखवलं नाही. चहा झाला. मी त्याला स्टँडपर्यंत पोचवायला उठलो.

त्रिंबक उंबऱ्याबाहेर गेला. स्वतःच्या नव्या चपला उचलून पिशवीत टाकल्या. माझ्या चपलांत पाय घातले, दोन पावलं चालून बघितली आणि म्हणाला, "तळ चांगला हाय की."

माझ्याकडं तो एकच जोड होता.

एस.टी. स्टँडपर्यंत डांबराचा रस्ता आहे. मी त्याला पोचवून आलो.