घावनातून बघणारे भोईर सर

आमच्या कॉलेजातले भोईर सर डब्यातलं घावन आधी उजेडाला धरतात, त्याच्या जाळीतून माझ्याकडे बघतात आणि मगच खातात. "भोकातच सगळं हाय, सर," हे त्यांचं पालुपद. पाव, स्पंज, मुंग्यांचं वारूळ, काहीही दिसो, हे वाकलेच. माझ्या बायकोच्या घावनाला त्यांनी "एक नंबर जाळी" म्हटलं, तेव्हापासून ती त्यांच्यासाठी वेगळा डबा देते. वीस वर्षांच्या संसारात मला वेगळं घावन कधी मिळालेलं नाही.

खारबाव गावाहून येणारा हा माणूस आणि मी, दोघेही रसायनशास्त्र शिकवतो. पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायला वीज लागते. ती कमी लागावी म्हणून त्यांनी एक उत्प्रेरक बनवला. कामतघरच्या लूमवरून विरळ विणीचं जाड कापड आणायचं, घड्या घालून त्यावर निकेल चढवायचं, मग कापड जाळून टाकायचं. उरते ती निकेलची सच्छिद्र वडी. भोकं जितकी जास्त, तितकी पाण्याला स्पर्श करायला जागा जास्त. स्टाफरूम हसायची. मीही हसायचो, पण आतून जळफळाट व्हायचा, कारण हे मला सुचायला हवं होतं.

विज्ञान दिनाला हॉलमधलं पुढचं टेबल दरवर्षी माझं. यंदा प्राचार्यांनी ते भोईरांना दिलं. आदल्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मी ती वडी उचलली आणि अंगठ्याने चांगली दाबली. भोकं मिटली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पाण्यात जेमतेम चार बुडबुडे आले. "वडी माझ्याच हातून दबली," असं म्हणत भोईर सरांनी प्राचार्यांसमोर दोष शांतपणे स्वतःवर घेतला. मला जिंकल्यासारखं वाटलं, पण ते पाहुणे जाईपर्यंतच.

मग ते ती वडी घेऊन माझ्याकडे आले. अंगठ्याने पडलेल्या खळग्यात हिरवी पूड अडकली होती. हिरव्या खडूने लिहिणारा आमच्या कॉलेजात मी एकटाच. मी मान खाली घातली.

"चार वर्षांत कुणी हिला हात लावला न्हाय, सर," ते म्हणाले. "लांबूनच हसतात. तुम्ही उचलून बघितलीत. कशी लागली हाताला?"

मी जळत होतो म्हणून दाबली, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोवर त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती. कापड जाळायचं बाकी असलेली दुसरी वडी खिशातून काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि उत्तराची वाट बघत बसले.

"हलकी आहे," मी म्हणालो. अंगठा मात्र लांब ठेवला.