पत्त्यासकट बेपत्ता झालेला करंडक

लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात एकच सूचना दिली. "या घरात काहीही बोल. मला उलट बोल, नवऱ्याला टाकून बोल. पण धाकट्याच्या देखत 'काय झालं असेल बरं?' असं कधी म्हणू नकोस."

ती नुसती हसली होती. संख्याशास्त्राची पदवीधर बाई ती, चार शब्दांना काय घाबरणार?

धाकटा म्हणजे तिचा दीर. लोकांच्या लेखी तो चष्म्याच्या दुकानातला 'आता खालची ओळ वाचा' म्हणणारा माणूस. स्वतःच्या लेखी काय, ते त्याने कार्डावर छापूनच घेतलं होतं : 'गुन्ह्यांचा काळ, गुन्हेगारांचा कर्दनकाळ. भेटीची वेळ : दुकान सुटल्यावर.' तो म्हणे, "वहिनी, माझी नजर भिंतीच्या पलीकडचं बघते." भिंतीच्या अलीकडचं मात्र त्या नजरेला अनेकदा दिसत नसे. सासूबाईंचा मोडका चष्मा दोन महिने त्याच्याच खिशात दुरुस्तीची वाट बघत होता. आजवर त्याने अकरा प्रकरणं हाताळली होती. त्यातली सात, त्याने हात काढून घेतल्याबरोबर आपोआप सुटली.

बारावं प्रकरण शनिवारी उगवलं. त्या दिवशी चार वाजता फुटबॉलच्या करंडकाचा अंतिम सामना होता : टपाल क्लब विरुद्ध भट्टी क्लब. एकीकडे पोस्टातली माणसं, दुसरीकडे मोठ्या बेकरीतली. तिचा नवरा टपालचा कप्तान आणि गोली. वय सदतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, आणि हा त्याचा शेवटचा सामना. गेल्या वर्षी टपाल जिंकल्यामुळे करंडक वर्षभर त्यांच्याच घरी होता. स्पर्धेचा नियम जुना आणि खाष्ट : ज्यांच्याकडे करंडक, त्यांनी तो पहिल्या शिट्टीच्या आत पंचांच्या टेबलावर आणून ठेवायचा. नाही ठेवला, तर न खेळताच हरले.

बाराच्या ठोक्याला मैदानावरून नवऱ्याचा फोन आला. "अगं, करंडकाचं खोकं घरी राहिलंय का?"

"नाही हो! सकाळी सातला मीच दिलं ना तुमच्या गाडीवाल्याच्या हातात."

"तो म्हणतो, गाडीत होतं ते सगळं उतरवलं. जर्सीच्या पिशव्या आहेत, चेंडूंची जाळी आहे, खोकं नाही." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, शेवटची मॅच गं. टेबलावरच हरणार की काय मी?"

फोन ठेवताना तिच्या कडेवर दहा महिन्यांचं बाळ होतं आणि समोर सोफ्यावर दीर होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "काय झालं असेल बरं?"

आत सासूबाईंच्या हातून झाकण पडलं.

दीर उठला. त्याने खिशातून भिंग काढलं. "वहिनी, घाबरू नका. मी आहे."

"म्हणूनच जरा..." ती पुटपुटली.

"खोकं घरातून निघालं कसं?"

"टपालाच्या गाडीतून. गाडीवाला टीमचा सेंटर फॉरवर्डच आहे. सकाळची फेरी करता करता सामान मैदानावर टाकणार होता."

"बिनमहत्त्वाचं. खोक्यावर काही खूण?"

"पत्ता लिहिला होता. आपल्या घरचा." ती जरा ओशाळली. बाळ झाल्यापासून ती सगळ्यावर पत्ता लिही : दुधाच्या बाटलीवर, टोपड्यावर, दोन्ही मोज्यांवर स्वतंत्र. हरवलंच तर? "ठळक अक्षरात, पिन कोडसकट."

"पत्ता सोडा हो, पुरावा सांगा!" असं म्हणून तो उंबऱ्याशी ओणवा झाला आणि किंचाळला, "पीठ! पांढरं, बारीक पीठ! भट्टीवाले इथे येऊन गेलेत!"

"भावोजी, ती बाळाची पावडर आहे."

त्याने बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि वहीत लिहिलं : 'सुगंधी पीठ.'

दुसरा संशय थेट नवऱ्यावरच गेला. "दादाची शेवटची मॅच. करंडकात जीव गुंतलाय. शेवटी माणूसच तो." तिने डोळे वटारले. तशी तिसरा संशय मनात ठेवून त्याने बाळाकडे भिंग रोखलं. बाळाने ते तोंडात घातलं.

पुढे बेकरी. तिला खरं तर बाळाला घेऊन भट्टीच्या धगीत जायचं नव्हतं. पण दिराला एकटं सोडणं हे बाळाला एकटं सोडण्यापेक्षा धोक्याचं, हे तिला आता कळून चुकलं होतं.

बेकरीत भट्टीचा कप्तान पावांचे ट्रे ओढत होता. कोपरापर्यंत पिठात, खांदे दारासारखे. त्याच्यामागच्या टेबलावर भलामोठा केक उभा होता, हुबेहूब करंडकाच्या आकाराचा, दोन कानांसकट.

"वा!" दीर तिच्या कानात कुजबुजला. "चोराचं धाडस बघा. करंडक आत, वरून क्रीम!"

"भावोजी, नको..."

तोवर सुरी चालली होती. एक कान गेला, मग पोट. आत केक निघाला. त्याच्या आत आणखी केक.

"अहो! अहो, चष्मेवाले!" कप्तान धावत आला. "हा जिंकल्यावर कापायचाय!"

"करंडक कुठे आहे?"

"तुमच्याकडेच ना? वर्षभर तुमच्याच घरी बसलाय की!"

"म्हणजे तो कुठे असतो हे तुम्हांला ठाऊक होतं!" दीर विजयी सुरात म्हणाला.

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे!" कप्तानाने तिच्याकडे वळून आवाज उतरवला. "ताई, खरंच हरवला? हे बघा, तो नाही मिळाला तर आम्ही न खेळता जिंकणार. मग असल्या जिंकण्यावर केक कोण खाणार? तुमच्या नवऱ्याने आजवर माझा एकही गोल जाऊ दिलेला नाही. आज शेवटचा चान्स आहे माझा. शोधा बाई तो!"

एवढं बोलून त्याने तिघांना, तिला नि बाळाला हलकेच आणि दिराला जोरात, बाहेर काढलं. मग कामगारांना घेऊन तो पावांच्या गाड्या पोचवायला गेला.

"माणूस फार प्रामाणिक बोलला," दीर म्हणाला. "अतिशय संशयास्पद. वहिनी, मागच्या बाजूला पिठाची कोठी आहे. मी पोत्यांमागे दबा धरून बसतो. गुन्हेगार मुद्देमाल बघायला येतोच. फोन बंद ठेवतोय. काहीही झालं तरी मी हलणार नाही."

"पण..."

खिडकीतून त्याचा दुसरा बूटही आत गेला होता.

ती घरी पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते. घसा कोरडा, बाळ रडवेलं. सासूबाई खुर्चीत निवांत बसल्या होत्या. पाय सुजतात म्हणून त्यांनी ते उचलून एका खोक्यावर ठेवले होते.

खोक्यावर पत्ता होता. ठळक अक्षरात, पिन कोडसकट.

"आई! हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? ती टपालवाली देऊन गेली दीड वाजता. सही केली मी. म्हटलं, बाळाचं काहीतरी मागवलं असशील. तुझं काय, रोज एक खोकं येतं. चष्म्याशिवाय मला कुठे वाचता येतंय?"

ती मटकन खाली बसली. सकाळी मैदानावर सामान उतरवताना गाडीवाल्याने सगळं काढलं, पण पत्ता लिहिलेलं खोकं टपालाच्या गाडीतून तो कसा काढेल? ते त्याने पार्सलांबरोबर पोस्टात नेलं. तिथे कोणीतरी त्यावर शिक्का हाणला, आणि टपालवालीने ते इमानेइतबारे पत्त्यावर पोचतं केलं. शिक्का भलताच ठसठशीत उमटला होता.

"बसलीस काय? ऊठ!" सासूबाई म्हणाल्या.

बाळगाडीत खाली करंडक, वर बाळ, मागे ती, आणि त्याही मागे अनवाणी सासूबाई. चाराला दोन मिनिटं कमी असताना तिने करंडक टेबलावर आदळला. पंचांनी शिट्टी तोंडातून काढून घाम पुसला. गाडीवाला धावत आला. "वहिनी, पत्ता लिहिलेल्या खोक्यात होता हा? मी खोकंच शोधत होतो हो! ते तर पार्सल होतं!"

नवऱ्याने लांबून, गोलपोस्टमधून, दोन्ही हात वर केले. तिला रडू आलं. बाळाने ओळखीचा माणूस बघून टाळ्या वाजवल्या.

सामना एक-एक असा सुटला. टपाल हरलं ते पेनल्टींवर. नवऱ्याने दोन अडवल्या, तिसरी भट्टीच्या कप्तानाची होती, ती त्याच्या बोटांना घासून आत गेली. गाडीवाल्याने शेवटची पेनल्टी मैदानाबाहेर, रस्त्यापलीकडच्या छपरावर पोचती केली. कप्तान आणि तिचा नवरा गळ्यात गळे घालून हसत होते. घरी येऊन गुडघ्यांवर बर्फ ठेवत नवरा म्हणाला, "हरलो. पण खेळून हरलो गं. टेबलावर हरलो असतो ना, तर आयुष्यभर ठणकलं असतं."

सासूबाईंनी ताटं घेतली. तिने सवयीने मोजली. एक ताट जास्त झालं.

"अगंबाई! भावोजी!"

फोन बंद. भट्टीवाले करंडक घेऊन मिरवणुकीत, बेकरी सोमवारपर्यंत बंद. कोठीला आतून कडी आहे, बाहेर यायला त्याला कोणी अडवलेलं नाही. पण हलणार नाही म्हणाला म्हणजे तो हलणार नाही. आणि ती कशी जाणार? बाळ नुकतं तिच्या मांडीवर झोपलंय, नवऱ्याला उठता येत नाही, सासूबाई अनवाणी धावून दमल्यात. म्हणून तिची तुम्हांलाच विनंती आहे : बेकरीच्या मागच्या बाजूने जाणं झालं, तर खिडकीतून जरा डोकावा. पोत्यांमागे नखशिखान्त पांढरा झालेला एक माणूस असेल. 'तुम्हांला शिंक आली का?' असं विचारू नका, तो नाही म्हणेल. त्याला पाणी द्या, करंडक सापडल्याचं सांगा. विश्वास बसला नाही, तर म्हणा, वहिनी जेवायला थांबल्यात. आणि तो ठीक आहे ना, तेवढं कळवा.