कुणीतरी केलाच असेल!

“मानसशास्त्र म्हणजे माझ्या हातचा मळ आहे!” बुटाची नाडी बांधता बांधता सरांनी बायकोला ऐकवलं. “अकराला कमिटीपुढे नमुना पाठ, आणि साडेअकराला मी विभागप्रमुख!”

“व्हा. पण आधी दारावरची पाटी लावा,” बाजाराची पिशवी उचलत बायको म्हणाली. “पडून दोन वर्षं झाली.”

“लावेल कुणीतरी!”

बायको जिन्यानं उतरून गेली. तिचा त्या लिफ्टवर काडीचाही भरवसा नव्हता. सरांचा होता.

सर कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवत. अकरा वर्षं तीच वही, तेच विनोद. प्रमुखपदासाठी दुसरी उमेदवार होती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पद तिला गेलं तर रजेच्या अर्जावर तिची सही घ्यावी लागणार, या विचारानं सरांचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाठाचा विषय मात्र मनाजोगता मिळाला होता: बघ्यांची गर्दी जमली की मदतीला कुणीच का जात नाही? कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल! एवढं साधं आहे, पण पुस्तकात त्याला चौदा पानं दिली आहेत.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. चौथ्या मजल्यावरून निघाली, तिसऱ्याच्या जरा खाली आली, खाकरली आणि थांबली ती थांबलीच. सरांनी सगळी बटणं दाबून पाहिली, मग घंटा वाजवली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

घंटा ऐकून माणसं जमली. म्हणजे पावलं जमली, कारण सरांच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्याची फरशी होती आणि त्यांना घोट्यांच्या वरचं काही दिसत नव्हतं.

“अडकलात वाटतं?” निळ्या सपातांच्या एका जोडानं विचारलं.

“नाही, हवा खायला थांबलोय! मिस्त्रीला फोन केला का कुणी?”

“केलाच असेल की! एवढी घंटा वाजली, बिल्डिंग काय बहिरी आहे?”

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातून मोबाईल काढून कॉलेजात क्लार्कला कळवलं, “लिफ्टमध्ये अडकलोय, जरा उशीर होईल.”

“मिस्त्रीला बोलावलंत ना सर?”

“अहो, इथे दहा-बारा माणसं उभी आहेत! कुणीतरी बोलावलंच असेल!”

पावणेअकरा झाले. वर पावलं वाढली, खुर्च्या सरकल्या. दोर तुटला तर लिफ्ट कुठवर जाईल यावर दोन बुटांमध्ये कडाक्याचा वाद झाला. मिस्त्रीचा पत्ता नव्हता. आणि अचानक सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अहो, हाच तर माझा आजचा पाठ!” ते ओरडले. “ऐका! तुम्ही वाईट माणसं नाही. पण तुम्ही पुष्कळ आहात! एकटा कुणी असता तर धावला असता. इथे प्रत्येकजण म्हणतोय, दुसरा करेल!”

मग सर रंगले. जाळीला धरून त्यांनी दहा मिनिटं असा काही पाठ घेतला, की तसा वर्गात कधी झाला नव्हता. संपल्यावर वरून टाळ्या आल्या.

“काय समजावता हो!” कुणीतरी बाई म्हणाल्या. “आमचा पुतण्या बारावीला आहे. शिकवणी घेता का?”

“अहो, फोन करा आधी! यावर उपाय एकच. घोळक्याला सांगायचं नाही, एकाच माणसाला नावानं हाक मारायची!”

“मग मारा की!”

सरांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. नऊ वर्षं या बिल्डिंगमध्ये राहून त्यांना एकाचंही नाव ठाऊक नव्हतं!

“अहो... निळ्या सपाता!”

तीन जोड पुढे आले.

“त्यातले जाडे गृहस्थ!”

तिन्ही जोड मागे गेले.

अकरा वाजले. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांचा खणखणीत आवाज वरच्या घोळक्यातून ऐकू येत होता. घरात सर त्यांना ज्या नावानं ओळखत, तेच नाव घाईघाईत तोंडातून निसटलं.

“अहो भोंगा! तुम्ही फोन करा!”

वरचा एक जोड ताडकन पुढे आला.

“भोंगा कोण?” भोंग्यानं चारही मजल्यांना ऐकू जाईल असं विचारलं. उत्तराची कुणाला गरजच उरली नाही. “असं होय! मग आम्ही तुम्हाला काय म्हणतो तेही ऐका. हुंकार! जिन्यात नमस्कार केला की नुसतं ‘हं’! नाव वाचावं म्हटलं तर दारावर पाटी नाही!”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

तेवढ्यात जिन्यानं ओळखीच्या चपला आल्या. बायकोनं पिशवी खाली ठेवली. “मिस्त्रीला फोन कुणी केला?”

सगळी पावलं एकमेकांकडे वळली. बायको उकिडवी बसली आणि जाळीतून आत पाहू लागली.

“अहो, तुमच्या नाकासमोर काय चिकटवलंय?”

सरांनी पाहिलं. ‘लिफ्ट बंद पडल्यास मिस्त्रीला फोन करा.’ खाली ठसठशीत नंबर.

“आणि हातात काय आहे?”

हातात मोबाईल होता.

“मग तुम्ही का नाही केलात?”

“मला वाटलं...” सर पुटपुटले, “कुणीतरी केला असेल.”

बायकोनं कपाळावर हात मारला. “भाऊजी, तुम्ही बघता का जरा?” ती भोंग्याला म्हणाली. भोंगा जिन्याच्या खिडकीशी गेला आणि त्यानं एकच हाक मारली. समोरच्या दुकानातून मिस्त्री चौथ्या मिनिटाला हजर!

सर धापा टाकत कॉलेजात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. विद्यार्थिनी विभागप्रमुख होऊन पेढे वाटत होती. सरांनाही तिनं वाकून नमस्कार करून एक दिला.

“मी अडकलोय, हे कमिटीला सांगितलं नाहीत?” सरांनी क्लार्कला खडसावलं.

“मला वाटलं सर, कुणीतरी सांगितलं असेल.”

संध्याकाळी सर जिन्यानं चढले. प्रत्येक दारावरची पाटी थांबून वाचली, दोनदा घोकली. मग माळ्यावरून स्वतःची पाटी शोधून काढली, पुसली आणि स्टुलावर चढून ठोकायला लागले. ठोकण्याचा आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे भाऊजी वर आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी पाटी सावकाश वाचली.

“वा! नाव चांगलं आहे की तुमचं!”

सरांना त्यांची माफी मागायची होती. नुकतंच पाठ केलेलं त्यांचं नाव आडनावासकट घ्यायचं होतं, चहाला आत बोलवायचं होतं. पण दातांत दोन खिळे धरलेले होते.

“हं,” सर म्हणाले.