मार्लिसबाईंचे सहा तास

मार्लिस ट्वेटबाईंचा परवाना तीस जूनला संपत होता आणि त्यांना सहा तास कमी पडत होते.

अमेरिकेत डाकोटातल्या तीन काउंटींमध्ये वाचा-उपचार करणाऱ्या त्या एकट्याच. बोलताना अडखळणारी मुलं, पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं, सगळी त्यांच्याच वाट्याला. परवाना टिकवायचा तर दर दोन वर्षांनी वीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, त्यातले सहा तास प्रत्यक्ष वर्गात बसून. घरबसल्याचे चौदा त्यांनी कधीच उरकले होते. वर्गाचे सहा मात्र बर्फ वितळू दे, पेरण्या होऊ देत, असं करत करत अठ्ठावीस जूनवर आले. परवाना एक दिवस जरी खंडित झाला तरी नव्यानं अर्ज, आणि मंजुरीला दोन-तीन महिने. तोवर लॉइड हॅगेनचं काय? चौदा आठवड्यांच्या मेहनतीनंतर तो म्हातारा शेतकरी आत्ता कुठे बायकोला नावानं हाक मारू लागला होता.

अठ्ठावीसला सकाळी शंभर मैल गाडी हाकत बाई एका हॉटेलात पोचल्या. दारातल्या पाटीवर 'आवाज आणि उच्चार : एक दिवसाचा वर्ग' असं लिहिलं होतं. त्यांनी हजेरीवर सही केली, कॉफी घेतली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

सुरुवातीला जिभेचे व्यायाम झाले. बाईंना बरं वाटलं. मग खोलीतली तेवीस धिप्पाड माणसं एकेक करून उभी राहिली आणि श्वास न घेता आकडे ओतू लागली. बाईंनी वहीत लिहिलं, 'बोलण्याचा वेग आवरत नाही. अवस्था गंभीर.' चौथा उभा राहिला तेव्हा 'घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का?' असं विचारायला त्यांनी हात वर केला. त्यानं टेबलावर हातोडा आपटला.

"गेली. काळी गाय, पहिल्या रांगेतल्या बाईंना."

तो लिलाव पुकारणाऱ्यांचा वर्ग होता. गाय सरावापुरतीच आहे, असं शेजाऱ्यानं सांगितल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला. पण आपला वर्ग याच नावाच्या दुसऱ्या हॉटेलात, नव्वद मैलांवर चालू आहे, हे कळताच तो पुन्हा भांड्याबाहेर आला. तिथे पोचेपर्यंत दुपार झाली असती, आणि उशिरा येणाऱ्याला तास मिळत नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत त्या गाडीची किल्ली हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. वर्ग घेणारा ड्वेन क्रॅमर सँडविच घेऊन समोर आला. राज्यात याच्याइतकं भराभर कुणी पुकारत नाही, असं सगळे सांगत होते. आवाज मात्र फुटक्या भोंग्यासारखा येत होता.

"किती दिवस बसलाय घसा?" बाईंनी विचारलं.

"सात आठवडे. धूळ, दुसरं काय."

"धूळ सात आठवडे घशात राहत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा. आणि तोवर गप्प बसा."

"गप्प? मी? मग दुपारचा वर्ग कोण घेणार?"

दुपारचा वर्ग मार्लिसबाईंनी घेतला. श्वास कुठून घ्यायचा, उगाच खाकरत का बसायचं नाही, सगळं समजावलं. मग प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला आणि नळी दिली, आणि नळीतून पाण्यात गुणगुणायला लावलं. तेवीस लिलाववाले एका सुरात बुडबुडे काढत असताना हॉटेलचा माणूस, पाइप फुटला की काय म्हणून, डोकावून गेला. तीन तास कसे गेले ते कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी परवाना कार्यालयात फोन करून खरं ते सांगून टाकलं. पलीकडे इर्मा पेट्रिक नावाच्या कारकूनबाई होत्या. लिलावाच्या वर्गात बसल्याचे तास मिळायचे नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मग पानं उलटल्याचा आवाज आला.

"शिकवलंत किती वेळ?"

"तीन तास."

"वर्गात शिकवलेला तास दुप्पट धरतात. झाले सहा. फक्त वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी मला फोनवर तसं सांगायचं. उद्या पाचच्या आत."

बाईंनी कपाळावर हात मारला. ड्वेनच्या बायकोचा थोड्याच वेळापूर्वी फोन येऊन गेला होता. डॉक्टरांनी सकाळीच तपासलं होतं. घशातली गाठ साधीच निघाली, पण दोन आठवडे त्याला एक शब्दही काढायचा नव्हता. बाईंनी तिला फोन करून निरोप ठेवला आणि हात टेकले.

तीस तारखेला पावणेपाच वाजता फोन वाजला.

"मॅडम, तुमचे क्रॅमर आलेत," पेट्रिकबाई म्हणाल्या. "दोनशे मैल गाडी चालवून. खिडकीपाशी उभे आहेत, बोलत काहीच नाहीत. पत्र आणलंय, तेवढं मला पुरे."

"माझ्यासाठी एवढ्या लांब आले!" बाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच असं नाही हो. लिलाववाल्यांनाही परवान्याला तास लागतात. त्यांचं कार्यालय आमच्या शेजारीच आहे. बाहेरच्या कुणी शिकवलं तर त्याचा परवाना चालू असावा लागतो, नाहीतर तेवीस जणांची दुपार फुकट. शिकवणाऱ्या बाईंचा परवाना चालू आहे ना, असं ते कागदावर लिहून विचारताहेत. काय सांगू?"

जन्मभर लोकांना बोलतं करणाऱ्या मार्लिसबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडे शिक्का उमटल्याचा आवाज आला.

"राहू द्या," पेट्रिकबाई म्हणाल्या. "मी मान डोलावली."