गुलाबी डोंगर आणि शेवटचा डबा

"डोंगर म्हणजे काय गं, दोन दिवसांचं काम! खरी अडचण असते ती इंजिनाची," असं दंतोबा बायकोला छातीठोकपणे म्हणाला, तेव्हा घरात मनासारखं इंजिनही नव्हतं आणि डोंगरही नव्हता. होती ती फक्त प्लायवूडची एक मोठी फळी, तिच्यावर खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचं लांबट वेटोळं, आणि त्यावर फिरणारं प्लॅस्टिकचं एक हलकंफुलकं इंजिन. वळण आलं की ते थांबायचं आणि त्याला बोटाने पुढे ढकलावं लागायचं.

दंतोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर लोक मापं पाठवायचे, हा घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओतायचा, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या हातच्या दातांनी हसायची, म्हणून गल्लीने त्याचा दंतोबा करून टाकला. हात मोठा गुणी, पण मन? मन कधी जागेवर असेल तर शपथ! जबड्याचा साचा हातात घेतला की याला त्यात दरी दिसायची. टाळूच्या उतारावरून नदी काढली तर? सुळ्याच्या आडोशाला एखादं स्टेशन कसं दिसेल? बायको दारातून ओरडायची, "अहो, चहा गार होतोय!" आणि हा साच्यावरची नजर न काढता म्हणायचा, "थांब, गाडी येऊन जाऊ दे."

दिवसातून जमेल तेव्हा तो मोबाइलवर जुनं सामान विकणाऱ्यांच्या जाहिराती चाळत बसायचा. हात पोळले नव्हते असं नाही. 'उत्तम स्थितीत' म्हणून मागवलेला डबा आला, त्याला चाकंच नव्हती. छोटी झाडं मागवली, ती बायकोने भाजी समजून फ्रीजमध्ये ठेवली. पण एका दुपारी जाहिरात उघडली आणि दंतोबाच्या हातातलं मेण खाली पडलं.

तेच इंजिन! पितळी, हिरव्या रंगाचं, उंच धुराड्याचं. लहानपणी शाळेच्या वाटेवरच्या दुकानात, काचेमागे, अगदी हेच उभं असायचं. तो रोज काचेला नाक लावून उभा राहायचा. "पुढच्या वाढदिवसाला," वडील म्हणाले होते. पुढचा वाढदिवस आला तोवर दुकानात कापडाचे तागे लागले होते. त्यानंतर कितीतरी वाढदिवस झाले, डोक्यावरचे केस गेले, पण नाकाला त्या काचेचा गारवा अजून आठवत होता. हे इंजिन मिळालं नाही तर आपण मरेपर्यंत त्या काचेबाहेरच उभे राहणार, असं त्याला अगदी खरोखर वाटलं.

जाहिरातीत लिहिलं होतं, "पितळी इंजिन. जुनं. जसं आहे तसं मिळेल. परत घेतलं जाणार नाही." विकणाऱ्याने स्वतःचं नाव लावलं होतं 'शेवटचा डबा'.

दंतोबाने ताबडतोब निरोप पाठवला. उलट सवाल आला, "इंजिन कुठल्या गावात जाणार?"

याने घरचा पत्ता कळवला.

"तुमचा पत्ता काय करायचाय? इंजिन कुठल्या गावात राहणार? डोंगर आहे का? बोगदा? स्टेशनावर बसायला बाक?"

आता खरं सांगायचं तर उत्तर होतं, 'फळी आहे.' पण दंतोबाने डोळे मिटले, आणि त्याला सगळं दिसायलाच लागलं! त्याने लिहिलं की डोंगर आहे, डोंगरात बोगदा आहे, बोगद्यातून गाडी बाहेर येते तेव्हा दरीत नेहमी संध्याकाळ असते, आणि स्टेशनावरच्या बाकावर बसलं की घरी जायची घाई वाटत नाही. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

"रविवारी सकाळी बघायला येतो," शेवटच्या डब्याचं उत्तर आलं. "पसंत पडलं तर देईन. आणखी एकजण मागे लागलाय. त्याच्याकडे पूल आहे."

"पूल आहे म्हणतोय!" दंतोबाने कपाळाला हात लावला.

"लोक लेक देतानासुद्धा एवढी चौकशी करत नाहीत," बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची आणि तोंडात टाचण्या धरूनही तिला स्पष्ट बोलता यायचं. "आणि डोंगर कुठाय हो?"

मग धावपळ सुरू झाली! मेहुण्याला बोलावणं गेलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, सामानाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. अंगात ताकद भरपूर, डोक्याला त्रास कमी. बायकोने पडद्यांतून उरलेली हिरवी मखमल कुरणासाठी काढून दिली. दंतोबाने काड्यापेटीएवढं स्टेशन केलं आणि त्यापुढे बाक ठेवला. डोंगरासाठी प्लास्टर कालवायला घेतलं, तर पांढरं पोतं तळाला गेलेलं. उरलं होतं ते कवळ्यांच्या साच्यांचं, चांगलं गुलाबी.

"भावोजी, गुलाबी डोंगर?" मेहुणा म्हणाला.

"वरून रंग देऊ रे! तू पोटात भर घाल. कोपऱ्यातल्या खोक्यात जुने जबडे पडलेत, ते रच."

मेहुण्याने जबडे रचले. त्यांच्यावर जाळी, जाळीवर गुलाबी प्लास्टर. डोंगर झकास उभा राहिला, पण रविवार उजाडला तरी सुकेना. ओल्यावर रंग धरेना. दंतोबा हताशपणे मागच्या खोलीत गेला, आणि तिथे त्याची नजर तयार कवळ्यांच्या मांडणीवर गेली. मांडणी रिकामी!

"अरे, इथली कवळी कुठाय? मुख्याध्यापिका बाईंची?"

"ती साच्यावर बसवलेली? घातली की डोंगरात!" मेहुणा खुशीत म्हणाला. "जबडे कमी पडत होते. बोगद्याच्या छताला एक जागा होती, तिथे नेमकी बसली. दात खाली करून!"

दंतोबा हातोडी शोधायला धावला आणि अर्ध्या वाटेत थबकला. मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा धाक नव्हता झाला निवृत्त. त्यांची वरची जुनी कवळी तुटली होती आणि आज संध्याकाळी त्यांना त्यांच्या शाळेत भाषण करायचं होतं. सकाळी त्या दात न्यायला येणार होत्या. डोंगर फोडावा तर इंजिन गेलं, न फोडावा तर बाईंचं भाषण गेलं!

तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक सडसडीत म्हातारा उभा होता. छातीशी धरलेल्या पिशवीत, मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दंतोबाच्या नजरेने क्षणात हेरलं, वरचे दात नाहीत, खालचेही नाहीत. पण आज धंद्याची गोष्ट काढायचीच नाही, असं त्याने मनाला बजावलं.

"घरात आवाज चढतात का?" शेवटच्या डब्याने आल्या आल्या विचारलं. "याला भांडणाची सवय नाही." याला म्हणजे इंजिनाला!

"चढतात ना," बायको म्हणाली. "पण माझाच चढतो. यांना ऐकूच येत नाही."

उत्तर पसंत पडलेलं दिसलं. तेवढ्यात पुन्हा बेल! मुख्याध्यापिका बाई. तोंडावर रुमाल, डोळे वटारलेले. दात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी दंतोबासमोर नुसता हात पसरला.

"होतंय, बाई, होतंय! पॉलिश चाललंय! बसा!" असं म्हणत त्याने त्यांना नेमकं डोंगरासमोरच्या खुर्चीत बसवलं. घरात दुसरी रिकामी खुर्ची नव्हती. बाकीच्यांवर मखमल होती.

बाईंनी रुमाल आणखी घट्ट दाबला. संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या बाई का रडतायत?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"आनंदाने," दंतोबा म्हणून गेला.

"कसल्या?"

"डो... डोंगर बघून!"

बाईंच्या भुवया कपाळात गेल्या. पण शेवटचा डबा मात्र विरघळला. "डोंगर बघून रडणारी माणसं येतात या घरात," तो स्वतःशीच पुटपुटला आणि फडकं सोडायला लागला.

"आज नको, प्लास्टर ओलंय!" दंतोबा मधे पडला.

"पाऊस पडून गेला असं समजू," म्हातारा म्हणाला आणि त्याने इंजिन रुळांवर ठेवून बटण दाबलं.

इंजिन निघालं. जड, शांत, कुणाच्या बोटाची मदत न घेता. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि गुलाबी डोंगरावर पडून सगळी दरी तांबूस झाली होती. मखमलीच्या कुरणावर डोंगराची सावली लांबली होती. खोलीत सकाळ होती आणि फळीवर दिवेलागण. सगळेच नकळत खाली वाकले. दंतोबा तर मनाने केव्हाच तिथल्या बाकावर जाऊन बसला होता. त्याला आठवेना, आपण कशाला घाबरलो होतो ते. इंजिन वळलं आणि बोगद्यात शिरलं.

आत 'खट्' असा आवाज झाला.

मग काहीतरी खरडत येऊ लागलं. आणि बोगद्याच्या तोंडातून आधी बाहेर आली ती एक अख्खी कवळी! चकचकीत, हसरी, सगळ्या बत्तिशीचा वरचा अर्धा भाग! तिला पुढे ढकलत मागून हिरवं इंजिन आलं आणि दोघंही डौलात स्टेशनावर, बाकासमोर येऊन थांबली.

बाई उठल्या. दात उचलले, मोरीवर जाऊन स्वच्छ धुतले, वरच्या हिरडीवर बसवले, एकदा चावून पाहिले आणि परत येऊन उभ्या राहिल्या.

"हे माझे दात आहेत," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आणि मी रडत नव्हते!"

म्हाताऱ्याने इंजिन उचललं आणि फडक्यात गुंडाळायला घेतलं. दंतोबाच्या डोळ्यांपुढे ते शाळेच्या वाटेवरचं दुकान आलं. दुकान पुन्हा बंद होत होतं.

"सगळं खोटं आहे हो," तो म्हणाला. "डोंगराच्या पोटात जबडे आहेत. रंग गुलाबी, कारण पोतंच ते उरलं होतं. तुम्हाला लिहिलं तेव्हा इथे नुसती फळी होती. पण लिहिताना मला सगळं दिसत होतं. अजूनही दिसतंय."

"संध्याकाळ मात्र बरोबर पकडलीय," बाई डोंगराकडे बघत म्हणाल्या. "मी गुण दिले असते. आता रंग फासून बिघडवू नका." दात चांगले बसले होते, त्यामुळे राग उतरला असावा.

शेवटचा डबा गुडघ्यांवर बसला. गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून बराच वेळ दरीत बघत राहिला.

"त्या पूलवाल्याकडे गेलो होतो," तो तसाच बसून म्हणाला. "पूल छान आहे. पण त्याच्याकडे गाडी नुसती जाते. इथे उतरावंसं वाटतं." मग मान वर करून म्हणाला, "पण इंजिन अर्धंच आहे, सांगून ठेवतो. याला शिट्टी नाही."

"बिघडली?"

"बिघडली नाही, गेली." त्याने बोळकं उघडून दाखवलं. "शिट्टी मीच वाजवायचो. दात गेले आणि नुसती हवाच सुटायला लागली. मुकं इंजिन फिरताना बघवत नाही मला, म्हणून विकायला काढलं."

दंतोबा ताडकन उठला. स्वप्न बिप्न सगळं बाजूला. "आ करा," तो म्हणाला. "मोठा. अजून मोठा!" आणि त्याने तिथल्या तिथे माप घेतलं. मापावरून साचा ज्या गुलाबी पोत्यातून ओतला ते डोंगराचंच.

एवढं मन लावून त्याने आयुष्यात कवळी केली नव्हती. पुढच्या दोन दातांमधली फट तर त्याने शिट्टी ऐकत ऐकत घासली. ती पहिल्यांदा नीट वाजली, लांब, बारीक, डोंगरापलीकडून आल्यासारखी, तेव्हा इंजिन बोगद्यातून बाहेर येत होतं. दंतोबाच्या डोळ्यांना धार लागली. काच गेली होती. तो आत होता, इंजिनासकट!

पण आता तो पुरता आत अडकलाय. कारण तेव्हापासून शेवटचा डबा रोज सकाळी हजर! इंजिन दंतोबाचं, पण शिट्टी कुणाची? आणि शिट्टीशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम. बटणाला हात लावायची दंतोबाला परवानगी नाही, कारण तो वळणावर तंद्रीत जातो. मुख्याध्यापिका बाईसुद्धा अधूनमधून येतात आणि गाडी वेळेवर सुटली नाही तर दोघांनाही झापतात.

"अहो, काहीतरी बोला त्यांना," बायको परवा टाचण्या बाजूला काढून म्हणाली. "सकाळी येतात, जेवायला थांबतात, आता पूल बांधायचाय म्हणून माझं शिलाई मशीन हलवायला सांगतायत! हे किती दिवस चालायचं?"

दंतोबाने मोबाइल काढला, जुनी जाहिरात शोधली आणि गुपचूप तिच्यासमोर धरली. 'जसं आहे तसं मिळेल. परत घेतलं जाणार नाही.'

"हे इंजिनाबद्दल आहे!" ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं गं," दंतोबा म्हणाला, आणि आतून शिट्टी झाली तसा चहाचा कप सांभाळत पळाला.