हात खिशात

काळे सर माणसांना सर्रास अरे-तुरे करतात, पण गवताशी बोलताना 'अहो'शिवाय त्यांची जीभ हलत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझा बूट एका रानफुलावर पडला, तर हे खाली वाकून त्याला म्हणाले, "माफ करा हं, नवीन आहे ती." मग वर बघून मला, "डोळे कुठंयत तुझे?"

आमचं काम आधी सांगते. इथे परदेशात कुठे रस्ता किंवा गोदाम झालं, की तिथली झाडंपाखरं उठतात. त्याची भरपाई म्हणून बांधणाऱ्याच्या पैशातून दुसरीकडे, एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीवर रानफुलांचं कुरण नाहीतर तळं करायचं आणि शेतकऱ्याने ते वर्षानुवर्षं राखायचं. त्या शेतकऱ्याला राजी करायचं ते आम्ही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही सांगते. वडील साखर कारखान्याच्या बागेत माळी होते. त्यांना फोनवर सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे तण वाढवायचा पगार देत्यात तुला? आन् त्यासाठनं एवढं शिकलीस?"

सरांचा सगळा धर्म दोन शब्दांत मावतो : हात खिशात! चर खणायचा नाही, खत टाकायचं नाही, उन्हाळा सरेपर्यंत गवताला हात लावायचा नाही. बोलायची पद्धतही ठरलेली. शेतकऱ्याने चहा विचारला की दोनदा 'नको', तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. जमिनीचा विषय कप रिकामा झाल्यावर. "अगदी आपल्यासारखी आहेत ही माणसं," सर म्हणतात. "पहिलं 'नको' कुणी मनावर घेत नाही."

ॲडम्सटाउनला त्यांच्या घरामागचं गवत कमरेला लागतं. काकू गेल्यापासून तिथे ते एकटेच. शेजारीण कुंपणावरून विचारते, "सगळं ग्रँड ना?" ग्रँड म्हणजे इथे 'ठीक', आणि खरा अर्थ, कापा आता. सर आनंदाने ओरडतात, "ग्रँड!"

अशात रॉसकॉमन भागातला शेतकरी मायकल भेटला. सत्तरी ओलांडलेला, एकटा. त्याची लव्हाळ्याची पाणथळ जमीन आम्हाला हवी तशी होती. ती हातची गेली असती तर सरांची वर्षभराची पायपीट फुकट. चहा झाला. सरांनी टेबलावर नकाशा पसरला. मायकलने त्यावर बोट ठेवलं.

"ही माझी वाट?"

मागच्या दारापासून कुरणातून ओढ्यापर्यंत त्याने गवत कापून वाट राखली होती. टोकाला एक बाक.

"ती पण गवतात जाईल. हात खिशात, मायकल."

"माझी नोरा त्या बाकावर बसायची. वाट राहील, नाहीतर सही नाही."

मी मराठीत कुजबुजले, "सर, एवढीशी तर वाट!"

"एवढीशी एवढीशी करतच सगळं भादरतात गं." मग मायकलला, "कापतं कोण?"

"मीच. आता गुडघे ऐकत नाहीत. यंदा कापणं होतंय की नाही, देव जाणे."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर वाट कडेकडेने बुजायला लागली होती. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी रेघ मारून ती कुरणातून वगळली.

परतताना मी म्हटलं, "सर, तुम्ही?"

"पुढे बघून गाडी चालव."

पुढच्या शनिवारी सही घ्यायला आम्ही परत गेलो. मायकलने सही केली. सर उठले आणि गाडीची डिकी उघडली. आत, विटलेल्या सुती साडीत गुंडाळलेलं, गवत कापायचं मशीन.

त्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मशीन नुसतं ठसकलं. मायकल दारात उभा, दोन्ही हात खिशात, खदखदा हसत. मला म्हणाला, "तुझ्या या माणसाने जन्मात मशीन धरलेलं नाही!"

"खरंच सर, घरात मशीन असून चालवता येत नाही तुम्हाला?"

सरांनी बाहीने कपाळ पुसलं. "आमच्याकडे गवत ही कापायची."

मायकलचं हसू थांबलं. त्याला मराठीतलं अक्षर कळत नाही, पण तो लंगडत पुढे आला, एक खटका दाबला आणि दोरी सरांच्या हातात दिली.

या वेळी मशीन सुरू झालं. सर समोरच्या गवताकडे वाकले.

"अहो," ते हळूच म्हणाले, "सरकता का जरा?"